कायदा डांबरापाशी का थांबतो?

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगावच्या शिवारात शेतमजूर स्त्रियांना कामावर घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. सात स्त्रिया मेल्या. तिघांना वर काढता आले. या स्त्रिया शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील गुंज या गावच्या. पंतप्रधान व मुख्यमंत्री यांनी दुःख व्यक्त केले, वारसांना मदत जाहीर झाली आणि चारपाच दिवसांत वृत्तपत्रांची पाने दुसऱ्या विषयांकडे वळली. या सात मरणांमुळे देशातील वाहनांच्या सुरक्षिततेचा एखादा नियम बदलावा, निदान त्याची चर्चा तरी व्हावी, असे कोणाला वाटल्याचे दिसले नाही.

याउलट ४ सप्टेंबर २०२२ ची घटना आठवावी. अहमदाबाद-मुंबई महामार्गावर पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. मागच्या आसनावर बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्या दिवसापासून मागच्या आसनावरील पट्टा हा राष्ट्रीय प्रश्न झाला. केंद्रीय मंत्र्यांनी निवेदने केली आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा केला. हे योग्यच झाले. मेलेला माणूस श्रीमंत होता म्हणून त्याच्या मरणातून शिकू नये, असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, एका मरणातून आपण शिकतो आणि दुसऱ्यातून का शिकत नाही?

या दोन्ही घटनांच्या मध्ये आणखी एक नाव उभे आहे. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात गोपीनाथ मुंडे गेले, तेही मागच्या आसनावर पट्ट्याविना बसलेले असताना. केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. त्यांच्या राजकारणाशी आपले मतभेद होते, पण बीडच्या ऊसतोड कामगारांच्या संपांत ते उभे राहिले होते हे नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्या निधनानंतर मोटारीतील पट्ट्याविषयी बरेच बोलले गेले. परंतु ज्या ऊसतोड कामगारांचे ते नेते होते, ते दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बायकापोरे, भांडीकुंडी, शेळ्या-कोंबड्या यांच्यासह ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वा मालमोटारीत बसून शेकडो कोस जातात, त्यांना लावायला पट्टा कोठे आहे, हा प्रश्न त्या चर्चेत आला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्या बहुतेक चर्चेत कायदा न वाचताच त्याचे गुणदोष सांगितले जातात. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ब आले. जो पट्टा न लावता वाहन चालवील, किंवा पट्टा न लावलेल्या प्रवाशांना नेईल, त्याला एक हजार रुपये दंड. पूर्वी हे प्रकरण शंभर रुपयांवर भागत असे. सर्वसाधारण समजूत अशी की, हा कायदा रस्त्याचा आहे. डांबर संपले, मोटार शेतात, माळावर, नदीच्या पात्रात किंवा वाळूत उतरली की, पट्टा काढायला हरकत नाही. ही समजूत चुकीची आहे. परवान्याचे कलम ३ आणि विम्याचे कलम १४६ यांत ‘सार्वजनिक जागा’ हे शब्द स्पष्टपणे घातलेले आहेत. कलम १९४ब मध्ये ते नाहीत. केंद्रीय नियमावलीतील नियम १३८ सुद्धा वाहन चालू असताना पट्टा लावावा असे सांगतो. ते कोठे चालू आहे हे विचारत नाही. शिवाय ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे केवळ सरकारी सडक नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९८८ साली, जुन्या १९३९ च्या कायद्याचा अर्थ लावताना, जेथे लोकांना हक्काने वा परवानगीने प्रवेश मिळतो ती खाजगी आवारातील जागाही या संज्ञेत बसते असे ठरवले. अपघातग्रस्तांना विम्याची भरपाई नाकारली जाऊ नये, हा त्या उदार अर्थामागील हेतू होता.

म्हणजे कायद्याचे शब्द डांबरापाशी थांबत नाहीत. डांबरापाशी थांबते ती अंमलबजावणी. द्रुतगती मार्गावरच्या कमानीवर बसवलेला कॅमेरा मोटारीच्या काचेतून पट्टा दिसतो की नाही ते पाहतो आणि दंडाची पावती भ्रमणध्वनीवर पाठवतो. शिवारात कमान नाही आणि तेथे वाहतुकीचा हवालदारही जात नाही. पण याहूनही मोठी फट नियमातच आहे. नियम १३८ म्हणतो: ज्या वाहनात पट्टा बसवलेला आहे त्यात तो लावावा. ज्या वाहनात पट्टाच नाही त्याचे काय? तेथे गुन्हाही नाही. ज्याला संरक्षण दिले आहे त्याने ते घेतले नाही तर दंड. ज्याला दिलेच नाही त्याच्याविषयी मौन. वर्गीय कायदा असे म्हटले की काही विद्वान नाके मुरडतात. तर मग ‘वर्गीय’ हा शब्द गाळू. वस्तुस्थिती तीच राहते.

आडवाटेने वाहन नेण्याचे दोन प्रकार आपल्याकडे आहेत. पहिला हौसेचा. चारी चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्या घेऊन सह्याद्रीच्या पठारांवर, ओढ्यांत आणि कोकणच्या वाळूत उतरणारी तरुण मंडळी गेल्या वीसेक वर्षांत वाढली आहेत. डांबर सुटताच ही मंडळी पट्टा सोडतात, कारण वेग कमी असतो. कमी वेगात कसला धोका, असा त्यांचा हिशेब. वस्तुतः चढउताराच्या जागी धोका धडकेचा नसतो, उलटण्याचा असतो, आणि उलटताना मरतो तो बहुधा आसनावरून फेकला जाऊन स्वतःच्याच गाडीखाली सापडलेला माणूस. पट्टा त्याला गाडीच्या सांगाड्याच्या आत धरून ठेवतो. म्हणून जाणते चालक आडवाटेवर पट्टा अधिक घट्ट करतात. या प्रकाराविषयी मी फार लिहीत नाही. ज्यांना गाडी परवडते त्यांना पट्टाही परवडतो, पुस्तिकाही वाचता येते. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेणे हा गुन्हा आहे. वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या मोटारींची छायाचित्रे आपण अधूनमधून पाहतो आणि हसतो.

दुसरा प्रकार पोटाचा. ट्रॅक्टर हे जगातील बहुधा सर्वांत मोठ्या प्रमाणावर आडवाटेने चालणारे वाहन आहे, आणि संख्येने पाहता ट्रॅक्टरची सर्वांत मोठी बाजारपेठ भारत हीच आहे. उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना जमीन ओली असेल तर मागची चाके रुततात. चालक जोर वाढवतो. चाके फिरू शकत नाहीत तेव्हा यंत्राची सारी शक्ती ट्रॅक्टरचे तोंड वर उचलण्यात खर्च होते, आणि तो घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहून चालकावर उलटतो. हे सारे दीड-दोन सेकंदांत घडते. उडी मारायला तेवढा वेळ पुरत नाही. बांधावरून आडवे जाताना एका बाजूला कलंडणे हा दुसरा प्रकार. यावर उपाय काय, हे पाऊणशे वर्षांपासून माहीत आहे. आसनाच्या मागे मजबूत लोखंडी चौकट बसवायची, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी चालकापुरती पोकळी शिल्लक राहते, आणि त्या पोकळीत माणूस राहावा म्हणून पट्टा. या दोहोंची जोडी अभेद्य आहे. चौकट नसताना पट्टा लावणे म्हणजे माणसाला मरणाशी बांधून ठेवणे. आणि चौकट असून पट्टा न लावणे म्हणजे रिकामी जागा सुरक्षित ठेवून माणूस बाहेर फेकणे. ‘सर्वांनी पट्टा लावा’ अशी फलकबाजी ट्रॅक्टरच्या बाबतीत म्हणूनच निरर्थक, किंबहुना घातक ठरेल. आधी यंत्र बदलावे लागेल.

स्वीडनचे उदाहरण येथे मोठे बोलके आहे. १९५९ साली व्होल्व्हो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांचा तीन टोकांनी अडकणारा पट्टा मोटारीत आला. कंपनीने त्याचे एकस्व इतरांना वापरू दिले, हे भांडवलशाहीच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे. त्याच वर्षी स्वीडिश सरकारने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची केली. मोटारीत बसणारा आणि ट्रॅक्टरवर बसणारा असा भेद त्या समाजाने केला नाही. पुढे जुन्या ट्रॅक्टरांनाही चौकट लावणे भाग पाडण्यात आले आणि दोन-तीन दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारी मरणे तेथे जवळजवळ नाहीशी झाली. त्या काळात तेथे सामाजिक लोकशाहीवादी पक्षाचे सरकार होते, हा केवळ योगायोग मानायचा असेल तर मानावा.

अमेरिकेने दुसरा मार्ग घेतला. २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेला ट्रॅक्टर मजूर चालवणार असेल तर मालकाने चौकट व पट्टा दिला पाहिजे, असा नियम झाला. पण पाठोपाठ त्यांच्या संसदेने अंदाजपत्रकातच अट घातली की, दहा किंवा त्याहून कमी मजूर असलेल्या शेतांवर या नियमाच्या अंमलबजावणीसाठी पैसा खर्च करायचा नाही. नियम राहिला, त्याचे पाय काढून घेतले. तेथील कारखानदारांनी १९८५ च्या सुमारास आपण होऊन बहुतेक सर्व नव्या ट्रॅक्टरांना चौकट देण्यास सुरुवात केली, ती न्यायालयीन दाव्यांच्या भीतीपोटीही असेल. आज भारतातील कंपन्यांचे ट्रॅक्टर अमेरिकेत विकले जातात तेव्हा त्यांना चौकट असते आणि पट्टाही असतो. त्याच कंपन्यांचा ट्रॅक्टर जालन्याच्या किंवा कराडच्या शेतकऱ्याला मिळतो तो बहुधा उघडा. म्हणजे तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही, कुशलतेचा नाही, परकीय चलनाचाही नाही. येथे मागणारा कोणी नाही, एवढेच.

दहाचा हा आकडा आपणही उचलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत ‘आस्थापना’ म्हणजे सामान्यतः दहा वा अधिक कामगारांची जागा. खाणी आणि गोद्या तेवढ्या अपवाद. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर आठ बाया खुरपणीला येतात तेथे ही संहिता कशाला पोचेल?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो घेणारे सारेच लबाड नसतात. जीव माझा, शेत माझे, ट्रॅक्टर माझा. सरकारने त्यात का पडावे? शिवाय शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली मांडले की, सुरक्षेची साधने दिली की चालक अधिक बेफिकीर होतो आणि फायदा पुसून निघतो. यावर पुढे पुष्कळ संशोधन झाले. पट्ट्यापुरते सांगायचे तर फायदा पुसला गेला नाही, हे सक्ती केलेल्या देशांच्या अनुभवावरून दिसते. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने जगात प्रथम ही सक्ती केली आणि नंतर एकाही मोठ्या देशाने ती मागे घेतली नाही. परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती आक्षेपाची पहिली बाजू. ‘जीव माझा’ हे म्हणण्याचा अधिकार निवड असणाऱ्याला असतो. ॲडम स्मिथने १७७६ साली लिहून ठेवले की, धोक्याच्या कामाला जास्त मजुरी मिळते. आमच्या पाठ्यपुस्तकांतून हे तत्त्व दोनशे वर्षे शिकवले जात आहे आणि मीही ते शिकवले. पण धोक्याची जास्त मजुरी मिळायची तर मजुराला काम नाकारता आले पाहिजे. मुकादमाची उचल घेऊन ती पावसाळ्यात खाऊन बसलेल्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, ‘ही ट्रॉली नको, दुसरी आणा’ असे म्हणता येते काय? कामाला निघालेली बाई ट्रॉलीत बसली नाही तर तिचा दिवस बुडतो. ट्रॉलीत चढणे हा तिचा निर्णय नव्हे. तो दुसऱ्याने केलेला निर्णय ती पार पाडते. बाजाराला ही वस्तुस्थिती दिसत नाही, कारण बाजारात तिची किंमत कोठेच मांडलेली नाही.

ती किंमत मग कोण भरते? विमा कंपनी बहुधा नाही. ट्रॉली मालवाहू, तिच्यात माणसे बसवण्याची परवानगीच नव्हती, हा बचाव दाव्यांत ठरलेला. मालवाहू वाहनातून भाडे न देता प्रवास करणाऱ्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेला आहे. कंपनी हात झटकते, मालकाकडे द्यायला काही नसते, आणि उरते ती मुख्यमंत्र्यांची सानुग्रह मदत. सानुग्रह! हक्काच्या जागी अनुग्रह आला की राज्यकर्त्यांना बरे वाटते.

‘सार्वजनिक जागा’ या दोन शब्दांचा उपयोग कोणाला कसा होतो हेही पाहण्यासारखे आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच वापरल्या जाणाऱ्या वाहनांवर मोटार वाहन कर लागू होत नाही, कारण ती जागा सार्वजनिक नाही. कर कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल; रस्ता वापरला नाही तर रस्त्याचा कर का द्यावा, हे मान्य. परंतु कुंपणाच्या आत गेल्याने कर सुटतो तसा त्या वाहनावरच्या माणसाचा धोका सुटत नाही. करापुरती हद्द निराळी आणि देहापुरती निराळी, हे कायद्याने स्पष्टपणे बोलायला हवे.

मोजणीचेही तसेच. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १६,७१५ मरणे पट्टा न लावल्यामुळे झाली. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. अशी बारीक गणना आपण करतो ही चांगली गोष्ट. पण हा हिशेब नावाप्रमाणे रस्त्याचा आहे. फडातून ट्रॉली काढताना चिरडलेला चालक, बांधावरून विहिरीत गेलेली बाई यांचा असा स्वतंत्र अहवाल दर वर्षी निघत नाही, आणि ज्याचा अहवाल नाही त्याच्यावर विधानसभेत प्रश्नही विचारला जात नाही.

तर मागायचे काय? पोलिसांनी शिवारात उतरून ट्रॉलीतील बायांना दंड करावा, ही मागणी आपली असूच शकत नाही. तसे केले तर दुसऱ्या दिवशी त्या त्याच ट्रॉलीत, पण पहाटे काळोखात, बसून जातील. दंडाचा रोख प्रवाशावरून काढून यंत्र बनवणाऱ्यावर आणि माणसे कामाला बोलावणाऱ्यावर वळवला पाहिजे. याला आपल्याच देशात आधार आहे. मळणीयंत्रात शेतमजुरांचे हात तुटू लागले तेव्हा संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम केला. अपघात कोणाच्या शेतात झाला, तेथे किती मजूर होते, हे तो कायदा पाहत बसला नाही. त्याने यंत्राला धरले, बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर जबाबदारी टाकली, भरपाईची सोय केली आणि शेतीतील इतर यंत्रेही अधिसूचनेने त्यात आणता येतील अशी तरतूद ठेवली. उघड्या ट्रॅक्टरला हे तत्त्व लावायला कोणती हरकत आहे? ट्रॅक्टर आणि अवजारांच्या खरेदीला सरकार अनुदान देते, ते चौकट व पट्टा असलेल्यालाच द्यावे, आणि जुन्या ट्रॅक्टरला चौकट बसवून घेणाऱ्या लहान शेतकऱ्याला तो खर्च द्यावा. चौकटीसाठी त्याच्यावर कर्ज काढण्याची पाळी येता कामा नये; तोही या बाजारातला बळीच आहे, हे आपल्या काही शहरी मित्रांना पुनःपुन्हा सांगावे लागते.

ट्रॉलीतील माणसांचा प्रश्न याने सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. ट्रॉलीला पट्टा नाही, आसन नाही आणि कठडा असला तर उसाच्या मोळ्यांसाठी. तेथे उपाय एकच, माणसे माणसांच्या वाहनातून नेणे. कारखान्यांना हे जमणार नाही असे सांगितले जाईल. १९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हा व्यापारीही हेच सांगत होते. मालक रोज बदलतो, कामाची जागा रोज बदलते, मग जबाबदारी कोणावर, या प्रश्नाला त्या कायद्याने मंडळ आणि मजुरीवरील अधिभार असे उत्तर दिले. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले आहे आणि गाळपाच्या टनावर अधिभाराची कल्पना सरकारने तत्त्वतः स्वीकारलेली आहे. त्यातून टोळ्यांच्या जाण्यायेण्यासाठी एस. टी. महामंडळाच्या गाड्या ठरवणे हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने अवघड नाही, एस. टी. पंढरीच्या यात्रेला हजारोंनी गाड्या सोडते, ती फडावरच्या टोळ्यांसाठीही सोडू शकेल. रोजच्या शेतमजुरीला जाणाऱ्या बायांचे काय करायचे, हे अधिक कठीण आहे. गावातून शिवारात एस. टी. जात नाही. तेथे पाणंद रस्त्यांची दुरुस्ती आणि वाटेलगतच्या विहिरींना कठडे यांपासून सुरुवात करावी लागेल. ही कामे रोजगार हमीत बसतात आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील अशा उघड्या विहिरींची यादी करून ती ग्रामसभेत ठेवली तरी पहिले पाऊल पडेल.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. त्याआधी संपाची भाषा झाली, बैठका झाल्या, आकड्यांवर रात्री जागल्या. दर महत्त्वाचा आहेच. पुढचा करार होईल तेव्हा मजुरांच्या बाजूने बसणाऱ्यांनी दराच्या कलमाशेजारी आणखी एक कलम लिहून घ्यावे: गावापासून फडापर्यंत आणि फडापासून गावापर्यंत टोळी कोणत्या वाहनातून जाईल, आणि त्या वाहनाला अपघात झाल्यास भरपाई कोणता कारखाना देईल.